शेंगदाण्याची ॲलर्जी आणि 'थोडं थोडं देऊन सवय लावणं' : ओरल इम्युनोथेरपीबद्दल

अबोली_के

लेक आता सहा वर्षांची आहे. वर्षाची व्हायच्या आधीच पीनट बटरचं बोट चाटलं आणि पाच-दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, मग अंगभर, मग भडाभडा उलट्या. पुढे त्वचेवर टोचून करायची प्रिक टेस्ट, रक्तातलं आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं), शेंगदाण्यातल्या 'ॲरा एच २' नावाच्या प्रथिनाची वेगळी चाचणी, असं सगळं होऊन 'शेंगदाणा पूर्ण बंद, एपिपेन (ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन) कायम जवळ' असा कागद हातात पडला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या शाळांना ही ॲलर्जी नवीन नाही. पण मराठी घरात शेंगदाणा बंद करणं म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, पोहे, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चिक्की, लसणाची चटणी. आमच्या गणपतीत प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडून "यात कूट आहे का हो?" विचारणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे.

मग ॲलर्जिस्टने ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे ओआयटी, सुचवली. भरपूर विचार करून हो म्हटलं आणि आता आम्ही मेंटेनन्स डोसपर्यंत, म्हणजे पुढे रोज तेवढाच चालू ठेवायच्या डोसपर्यंत, पोचलोय. मराठीत यावर फार काही सापडलं नाही म्हणून लिहितेय. कुणी करावं किंवा करू नये असं मला सांगायचं नाही.

पहिल्या दिवशी क्लिनिकमध्येच बसायचं. अर्ध्या मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिनापासून सुरुवात, दर वीस-तीस मिनिटांनी थोडं वाढवत सहा मिलिग्रॅमपर्यंत. मध्ये मध्ये रक्तदाब, छाती, त्वचा तपासणं चालू. ते पचलं तर दुसऱ्या दिवसापासून ठरलेला छोटा डोस घरी, रोज, न चुकता. साधारण दोन आठवड्यांनी परत क्लिनिकमध्ये जायचं, तिथे पुढचा डोस घ्यायचा, तासभर थांबायचं आणि मग तोच डोस घरी चालू ठेवायचा. आमचं लक्ष्य ३०० मिलिग्रॅम प्रथिनाचं होतं. म्हणजे साधारण एक शेंगदाणा. हो, एकच! एवढा सगळा खटाटोप एका दाण्यासाठी.

घरातलं वेळापत्रक या डोसभोवती फिरतं. शाळेतून आल्यावर आधी पोटभर काहीतरी खायला द्यायचं, रिकाम्या पोटी डोस नाही. मग शेंगदाण्याचं पीठ सफरचंदाच्या गरात कालवून. त्यानंतर दोन तास पळापळ नाही, सायकल नाही, नाच नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, झोपायचंही नाही. सहा वर्षांच्या मुलीला दोन तास न उड्या मारता बसवून बघा एकदा. आमच्याकडे रांगोळीचे ठिपके काढायच्या वह्याच्या वह्या भरल्यात. चवीचा तिला इतका कंटाळा आलाय की पहिला घास घेताना नाक चिमटीत धरते आणि गिळल्यावर जीभ बाहेर काढून मला दाखवते, झालं म्हणून.

एकदा मोठी रिॲक्शन आली. आधी कित्येक दिवस बिनतक्रार घेतलेलाच डोस होता. तासाभरात मानेवर गांधी, मग खोकला, मग आवाज घोगरा. एपिपेन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. रात्री तिला ताप चढला तेव्हा उलगडा झाला. अंगात विषाणू शिरलेला असेल तर काल चाललेला डोस आज चालत नाही. डोस निम्म्यावर आणला आणि परत चढवत गेलो.

आता मुख्य मुद्दा. नाशिकहून सासूबाई सुरुवातीपासून फोनवर म्हणायच्या, "अगं, थोडं थोडं देत जा, सवय होते." ओआयटीचं ऐकल्यावर म्हणाल्या, "बघ, मी हेच सांगत होते." त्यांचं तत्त्व बरोबर आहे आणि तरी त्यांचं ऐकलं नाही याचं मला समाधान आहे, कारण प्रश्न 'थोडं' म्हणजे किती याचा आहे. चिमूटभर कूट म्हणजे पाव ते अर्धा ग्रॅम. त्यातलं साधारण पाव प्रथिन धरलं तर शंभरएक मिलिग्रॅम झालं. आमचा पहिला डोस अर्धा मिलिग्रॅम होता. म्हणजे आजीची चिमूट आमच्या सुरुवातीच्या दोनशेपट! आणि अर्ध्या मिलिग्रॅमलाही समोर डॉक्टर बसलेले होते.

कुणाचे अनुभव असतील तर लिहा. विशेषतः भारतात कुणी केलंय का?

वाचनमात्र

विषकन्या अशाच तयार करत म्हणे. शेंगकन्या पहिल्यांदाच ऐकली. :)

(विनोद सोडा, लेख आवडला. लेकीला शुभेच्छा.)

नंदाकाकू

अबोली, तुझ्या धीराचं कौतुक वाटतं गं. पण एक विचारू का? आमच्या लहानपणी हे काही ऐकलं नव्हतं. घरात पोत्याने शेंगदाणे असायचे, आम्ही सहा भावंडं खिशात भरून शाळेत जायचो. आताच्याच मुलांना हे कुठून आलं? अति स्वच्छतेमुळे होतं असं आमच्या शेजारचे म्हणतात.

बालवैद्य

नंदाकाकू, प्रश्न रास्त आहे. मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे, ॲलर्जीतला विशेष तज्ज्ञ नाही, पण या मुलांशी रोज गाठ पडते.

भारतात अन्नाची खरी ॲलर्जी आजही कमीच आढळते. बंगळूर-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांची एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात पाहणी झाली होती. लक्षणं आणि चाचणी दोन्ही जुळणारी मुलं ०.१४ टक्के निघाली, पण नुसती रक्तचाचणी 'पॉझिटिव्ह' असलेली मुलं १९ टक्क्यांच्या आसपास होती. हा फरक लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये शेंगदाणा पॉझिटिव्ह आला, पण मूल आजवर चिक्की खाऊन हुंदडत असेल, तर त्याला ॲलर्जी नाही. त्या कागदावरून अन्न बंद केलं तर असलेली सहनशीलता जाऊ शकते. आणि ते शंभर-दोनशे पदार्थांचं 'फूड इनटॉलरन्स पॅनल' विकतात ना, आयजीजीवालं, त्यावर पैसे घालवू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ खाल्ल्याची खूण, आजाराची नव्हे.

आता हे कुठून आलं ते. लंडनचे गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली. वंश सारखा, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या आधीपासून 'बांबा' नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळतात. ब्रिटन-अमेरिकेत मात्र त्या काळी शेंगदाणा उशिरा द्या असा सल्ला होता. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००० साली, जोखीम असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत देऊच नका असं सांगितलं होतं. तो सल्ला २००८ मध्ये मागे घेतला.

मग 'लीप' चाचणी आली, २०१५. तीव्र एक्झिमा (त्वचा लाल, खाजरी होण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना नियमित शेंगदाणा, निम्म्यांना बिलकूल नाही. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. बालरोगशास्त्रात असे आकडे क्वचित बघायला मिळतात.

लॅक यांची मांडणी अशी: अन्न आधी तोंडावाटे आतड्यात पोचलं तर शरीर त्याला आपलं म्हणतं, पण एक्झिमाने फुटलेल्या त्वचेतून आधी शिरलं तर परकं ठरवतं. म्हणून एक विनंती. बाळाच्या लाल, खाजऱ्या, सोललेल्या कातडीवर शेंगदाण्याचं किंवा बदामाचं तेल चोळू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी.

पण हे झालं ॲलर्जी होऊच नये म्हणून. झालेली उतरवणं हे वेगळं काम, त्याबद्दल अबोलीताईंनी नेमकं लिहिलंय.

नंदाकाकू

आलं लक्षात. म्हणजे आम्ही खिशातून खात होतो तेच बरं होतं की. :) तेलाचं मात्र सुनेला सांगायला हवं, नातवाला कोपरात खाज आहे.

बर्मिंगहॅमकर

दुसरी बाजू मांडतो. मुलगा तेरा वर्षांचा, शेंगदाणा आणि काजू दोन्हींची ॲलर्जी. इथे ब्रिटनमध्ये, सरकारी आरोग्यसेवेत कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या नाईस या संस्थेने २०२२ मध्ये पॅल्फोर्झियाची शिफारस केली, ४ ते १७ वयासाठी. पॅल्फोर्झिया म्हणजे मोजून कॅप्सूलमध्ये भरलेलं शेंगदाण्याचं पीठच, अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी संस्था) जानेवारी २०२० मध्ये मान्य केलेलं. आम्हालाही विचारणा झाली. आम्ही नाही म्हटलं.

कारण सांगतो. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये सगळ्या शेंगदाणा-ओआयटी चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. उपचार घेणाऱ्यांत ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या रिॲक्शनचं, प्रमाण टाळणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. म्हणजे रिॲक्शन येऊ नये म्हणून जे करायचं, त्यानेच जास्त येतात. दुसरं, मुलाने स्वतः नकार दिला. त्याला शेंगदाण्याच्या वासानेच मळमळतं. रोज संध्याकाळी फुटबॉल आहे, डोसनंतर दोन तास बसून राहणं त्याला शक्य नाही. तो लेबल वाचतो, पेन बरोबर ठेवतो, मित्रांना माहीत आहे. एवढं सांभाळणाऱ्या मुलाला रोज विष खायला लावून मला काय मिळवायचंय?

अबोली, तुमच्यावर टीका नाही. पण असे धागे वाचून लोकांना वाटतं, जे करत नाहीत ते आईबाप आळशी.

अबोली_के

नाही हो, अजिबात नाही. आकडा खरा आहे, आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तो समोर ठेवला होता. माझा हिशोब एवढाच होता की ओआयटीतली रिॲक्शन बहुतेक वेळा घरी येते, डोसनंतर दोन तासांत, मी समोर असताना. टाळण्यातली रिॲक्शन कुणाच्या तरी वाढदिवसाला येते, मी नसताना. पण हा लहान मुलीच्या आईचा हिशोब आहे. तेरा वर्षांचा मुलगा नाही म्हणतोय तर विषय संपला. आमची बारा-तेराची होईल तेव्हा ती काय म्हणेल याचीच मला धास्ती आहे.

मृण्मयी_डॅलस

आमचं अर्ध्यात सोडावं लागलं, ते लिहिते. मुलगा आठ वर्षांचा, अंड्याची ओआयटी. गांधी, उलट्या काही नाही, म्हणून आम्ही खूश होतो. पण हळूहळू जेवण कमी झालं. घास घशात अडकतो म्हणायचा, प्रत्येक घासाला पाणी प्यायचा, पोळीचे बारीक बारीक तुकडे करायचा. आम्हाला वाटलं नखरे. शेवटी एंडोस्कोपी केली तर अन्ननलिकेला सूज, इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. डोस बंद केल्यावर काही महिन्यांत उतरली.

थोड्या मुलांत होतं हे, पण होतं. उपचार चालू असताना मूल हळू खायला लागलं, सारखं पाणी मागायला लागलं, पोट दुखतं म्हणालं, तर क्लिनिकला सांगा.

अबोली_के

बापरे. पाण्याची खूण मला माहीत नव्हती. लक्ष ठेवते. मुलगा आता बरा आहे ना?

मृण्मयी_डॅलस

हो, भरलं वांगं पोळीशी गिळतोय न चावता. अंडं बंद आहे, बाकी मजेत.

धुळेकर

हे सगळं बाटलीबंद आणि पिशवीबंद खाण्याचं फळ आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या पोरांना गीर गायीचं ए-टू दूध द्या, पंधरा दिवसांत फरक पडतो. आमच्या गावात एकाही पोराला ॲलर्जी नाही.

बालवैद्य

धुळेकर, गीर गाय उत्तम, तिचं दूधही उत्तम, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते देऊ नका. ए-वन आणि ए-टू यांत बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा वेगळा असतो, बाकी केसीन आणि निवळीतली (दूध नासल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं तीच. म्हशीचं, शेळीचं दूधही नको, ९० टक्क्यांहून जास्त मुलांना शेळीच्या दुधानेही रिॲक्शन येते. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगतं, जुलाब होतात, ते बहुधा दुग्धशर्करेचं प्रकरण, त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. तुम्ही बघितलेला फरक कदाचित त्या मुलांचा असेल.

तन्वीची_आई

दुधाचा विषय निघालाच आहे तर. आम्ही ठाण्यात. मुलगी अडीच वर्षांची, गायीच्या दुधाची ॲलर्जी, पण सौम्य, आजवर फक्त गांधी. आमच्या डॉक्टरांनी 'मिल्क लॅडर' दिलीय, पायरी पायरीने. आधी दूध घातलेलं बिस्किट, चांगलं भाजलेलं, मग मफिन, मग पॅनकेक, मग चीज, दही आणि शेवटी साधं दूध. बिस्किट पचलं, आता मफिनवर आहोत.

अडचण अशी की शिडी विलायती आहे. आमच्याकडे पॅनकेक कोण करतं? सासूबाई म्हणाल्या दशमी कर, दुधात भिजवलेली कणीक, ती पण भाजलेलीच की. कुठल्या पायरीवर धरायची? आणि गावाहून खरवस आला होता, त्यावर घरात महाभारत झालं.

बालवैद्य

तन्वीची आई, फार चांगला प्रश्न. शिडीमागची कल्पना समजून घेतली की स्वयंपाकघरातलं भाषांतर सोपं जातं.

दुधातली काही प्रथिनं उष्णतेने उलगडतात, त्यांचा आकार बदलतो आणि ॲलर्जीची प्रतिपिंडं त्यांना ओळखत नाहीत. निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन असं आहे. केसीन मात्र उष्णतेला दाद देत नाही. शिवाय गव्हाच्या पिठाबरोबर भट्टीत भाजलं की प्रथिनं त्या जाळ्यात अडकतात. त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण पाऊण मुलांना खरपूस भाजलेल्या पदार्थातलं दूध चालतं. अंड्याचंही असंच, केकमधलं चालतं आणि हाफ-फ्राय चालत नाही.

म्हणून तीन गोष्टी बघायच्या: दूध किती, आच किती आणि किती वेळ, पीठ किती. ओव्हनमधलं बिस्किट किंवा मफिन १८० अंशांवर पंधरा ते तीस मिनिटं असतं. दशमी तव्यावर दोन-तीन मिनिटं, आतून मऊच राहते, आणि सगळी कणीक दुधात भिजवलेली असल्याने दूधही भरपूर. ती पॅनकेकच्या पायरीवर धरा, मफिनच्या खाली तर नक्कीच नाही. सुरुवात एका छोट्या तुकड्याने आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. खरवस अजिबात नको. तो चिकाचा असतो, प्रथिनं साध्या दुधापेक्षा कितीतरी दाट आणि नुसतं वाफवलेलं. महाभारतात तुमचा पक्ष बरोबर होता. बासुंदी, पेढा आटवलेले असले तरी शिडीच्या वरच्या टोकाला, त्यात पीठच नाही.

आणि घरच्या घरी शिडी चढणं फक्त सौम्य ॲलर्जीसाठी. ज्या मुलाला कधी धाप लागली, आवाज बसला, शुद्ध हरपली, किंवा ज्याला दमा आहे, त्याने घरी एकही पायरी चढायची नाही.

तन्वीची_आई

डॉक्टर, किती स्पष्ट सांगितलंत. सासूबाईंना वाचून दाखवलं. "खरवसाचं ठीक, पण दशमीला पॅनकेक म्हणू नका" असा निरोप आहे.

मेलबर्नहून

इथे ऑस्ट्रेलियात परिस्थिती फार वाईट. मेलबर्नमधल्या हेल्थनट्स पाहणीत वर्षाच्या बाळांपैकी दहा टक्क्यांहून जास्त बाळांना कुठली ना कुठली अन्न-ॲलर्जी निघाली, आणि तीही प्रत्यक्ष खायला घालून तपासलेली. काजू-शेंगदाण्याच्या बाबतीत आशियात जन्मलेल्या आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांत प्रमाण आणखी जास्त. आपण देशात धडधाकट, आपली मुलं इथे शिंकतायत. ऊन, माती, सूक्ष्मजीव, नक्की काय बदलतं यावर अजून वाद चालू आहे.

२०२४ मध्ये इथल्या मोठ्या बालरुग्णालयांतून शेंगदाणा ओआयटी सरकारी कार्यक्रम म्हणून सुरू झाली, वर्षाच्या आतल्या बाळांसाठी. जितकं लहान तितकं चांगलं, असा आता कल आहे.

अबोली_के

हो, अमेरिकेतल्या इम्पॅक्ट चाचणीत हेच दिसलं. १ ते ३ वर्षांची मुलं, उपचार संपेपर्यंत ७१ टक्के मुलं बऱ्यापैकी मोठा डोस पचवायला लागली. मग सहा महिने शेंगदाणा पूर्ण बंद करून परत तपासलं तर २१ टक्के मुलांची सहनशीलता टिकून होती. दुसऱ्या बाजूने वाचलं तर ७१ पैकी ५० मुलांची गेली. म्हणून मी 'बरी झाली' हा शब्द वापरत नाही. रोजचा डोस आहे तोवर ढाल आहे.

सहा वर्षांचं मूल म्हणजे ओआयटीच्या जगात आम्ही म्हातारेच. आमच्या वयोगटातली मोठी चाचणी २०१८ ची, पॅलिसेड. वर्षभराने ६७ टक्के मुलांनी दोन शेंगदाण्यांएवढा डोस पचवला, नुसतं खोटं पीठ घेणाऱ्यांत ४ टक्के.

जुनं_ते_सोनं

यातलं मूळ जुनं आहे बरं का. १९०८ साली लॅन्सेटमध्येच आल्फ्रेड स्कोफील्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने अंड्याने 'विषबाधा' होणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली होती. अंड्याचा अगदी नगण्य अंश गोळ्यांतून देत देत तो मुलगा शेवटी अंडं खायला लागला. 'ॲलर्जी' हा शब्द तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. मग पुढची कित्येक दशकं सगळे 'टाळा' म्हणत राहिले.

शेंगा_उकडून

उकडलेल्या शेंगांनी त्रास कमी होतो असं ऐकलंय. खरं का? आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात. भाचीला खाऱ्या दाण्यांनी ओठ सुजतात.

बालवैद्य

ऐकलंय ते खरं आहे आणि म्हणूनच जपून. उकळताना शेंगदाण्यातली काही प्रथिनं पाण्यात उतरतात, काहींचा आकार बदलतो. उलट कोरडं भाजल्याने ती जास्त तापदायक होतात. ऑस्ट्रेलियात ॲडिलेडच्या संशोधकांनी ६ ते १८ वयाच्या ७० मुलांना आधी १२ तास उकळलेले, मग २ तास उकळलेले, मग भाजलेले दाणे वाढत्या प्रमाणात दिले. ५६ मुलं शेवटपर्यंत पोचली.

पण बारा तास! आपण कुकरला चार शिट्ट्या देतो. भाचीला त्या शेंगा देऊ नका, ॲलर्जिस्टला दाखवा.

आणि सगळ्यांसाठी, कारण धागा वाचून कुणीतरी घरी वाटी-चमचा घेऊन बसेल ही भीती आहे: ओआयटी घरी सुरू करायची नाही. भारतात ती मोजक्या ठिकाणी होते. आपल्याकडे एपिपेनसारखं तयार पेन दुकानात सहज मिळत नाही, म्हणून आम्ही पालकांना ॲड्रेनलिनची ॲम्प्यूल आणि एक मिलिलिटरची सिरिंज देऊन भरायला शिकवतो. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांत जास्तीत जास्त ०.३, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मूल घाबरलेलं, आईचे हात थरथरतायत आणि ॲम्प्यूल फोडून मोजून भरायची. म्हणून आधीच सराव करून घ्या. ॲव्हिल किंवा सेट्रिझिनने खाज थांबते, श्वास नाही. गांधींबरोबर खोकला, धाप, घोगरा आवाज, वारंवार उलटी किंवा ग्लानी आली की आधी ॲड्रेनलिन, मूल आडवं, मग फोन, मग बाकी सगळं.

स्नेहल_जी

प्रथमच लिहितेय. बाळ सहा महिने पूर्ण. गालावर आणि पायांच्या घडीत एक्झिमा आहे, मलम लावल्यावर जातो, परत येतो. शेंगदाणा आता द्यायचा की थांबायचं? इकडे सगळे घाबरवतायत.

बालवैद्य

सौम्य एक्झिमा असेल तर सहाव्या महिन्याच्या आसपास, इतर घट्ट अन्न सुरू झाल्यावर द्या. एक्झिमा चिवट असेल, स्टेरॉइडचं मलम सतत लागत असेल किंवा अंड्याने आधीच त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, गरज पडली तर पहिला घास दवाखान्यात. तुमच्या वर्णनावरून मला मधलं वाटतंय, तेव्हा एकदा दाखवूनच घ्या. पण महिनोन्महिने लांबवू नका.

देताना अख्खा दाणा किंवा तुकडा नको, तो पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत जातो. मऊसूत वाटलेलं कूट गरम पाण्यात पातळ करून नाचणीच्या सत्त्वात किंवा केळ्यात. बाळ ठणठणीत असताना, दिवसा, आधी चमच्याच्या टोकावर, दहा मिनिटं बघा, मग उरलेलं. एकदा पचलं की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचं. एकदा देऊन विसरून गेलात तर उपयोग नाही.

बर्मिंगहॅमकर

एक भर घालतो. ज्यांना ओआयटी नको पण नुसतं टाळणंही पुरत नाही, त्यांच्यासाठी ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्य केलं, वय एक वर्षापासून. दर दोन किंवा चार आठवड्यांनी. फायदा असा की एकाच इंजेक्शनने सगळ्या पदार्थांची सहनशीलता वाढते, आमच्यासारख्या दोन-तीन ॲलर्जी असलेल्यांना सोयीचं. पण पदार्थ टाळायचा तो टाळायचाच, आणि किंमत वाचून मी खुर्चीत बसलो.

अबोली_के

सगळ्यांचे आभार. आता माझाच एक प्रश्न, डिसेंबरात नाशिकला येतोय म्हणून. सासूबाईंनी कूट, चिक्की सगळं कपाटात कुलूपबंद करायचं कबूल केलंय. पण घरात लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतात. इथे डॉक्टर म्हणतात रिफाइंड चालेल. घाण्याचं?

बालवैद्य

रिफाइंडमध्ये प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे बहुतेकांना चालतं. घाण्याच्या तेलात मात्र प्रथिनाचे अंश राहतात आणि किती ते दर डब्याला वेगळं. तुमच्या लेकीचा डोस मोजून चाललाय, त्यावर न मोजलेली भर नको. तेवढे दिवस सूर्यफूल किंवा करडई वापरा. बाहेर खाताना भजी-वडे कुठल्या तेलात तळलेत ते विचारा. पाकिटावर फूड सेफ्टीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शेंगदाणा असल्यास तसं छापलेलं असतं, पण मिठाईच्या दुकानातल्या सुट्या बर्फीवर काही छापलेलं नसतं. काजू कतलीत शेंगदाण्याची भेसळ होते, ती टाळा.

नंदाकाकू

अबोली, डोसचं पीठ इकडे कसं आणणार? आणि विमानात?

अबोली_के

काकू, पीठ मूळ सीलबंद डब्यात, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासकट. वजनकाटाही बरोबर. प्रवासाच्या दिवशी डोस द्यायचा नाही असं क्लिनिकने सांगितलंय. आकाशात रिॲक्शन नको आणि झोप न झालेलं मूल तसंही डोस नीट पचवत नाही. उतरल्यावर झोप भरून निघाली की मग परत सुरू. त्यापेक्षा जास्त दिवस चुकले तर मनाने काही करायचं नाही, फोन करायचा.

सासूबाई विचारतायत डोसचं पीठ नाशिकलाच ताजं दळून मिळेल, तिकडून कशाला आणता. त्यांना प्रथिनाची टक्केवारी समजावून सांगतेय, फोन चालू आहे.